आभासी चलन : स्वरूप, धोके आणि दक्षता

शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची स्वाक्षरी असते आणि तितकी रक्कम धारकास अदा करण्याचे वचन असते. कागदाची स्वतःची किंमत नगण्य असली, तरी या वचनामुळे ती नोट गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत निःशंकपणे स्वीकारली जाते. बिटकॉइन व तत्सम आभासी चलनांमागे असे कोणाचेही वचन नाही. तरीही निवृत्त शिक्षकाचे उपदान, भूसंपादनाचा मोबदला, बचत गटाची शिल्लक अशा कष्टाच्या रकमा त्यांकडे वळविण्याचे आमिष आज मोबाइलवरून घरोघरी पोहोचत आहे. अशा वेळी गावकरी सल्ल्यासाठी येतात ते शिक्षकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

उगम आणि कार्यपद्धती

ऑक्टोबर २००८ मध्ये 'सातोशी नाकामोतो' या नावाने एक निबंध प्रसृत झाला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे व्यवहार सुरू झाले. या चलनाची कमाल संख्या २ कोटी १० लाख इतकी ठरविण्यात आली आहे. बँकेच्या मध्यस्थीवाचून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस थेट रक्कम पाठवावी, हा त्यामागील हेतू होता.

या पद्धतीचा पाया 'ब्लॉकचेन' हा आहे. गावच्या फेरफार नोंदवहीच्या उदाहरणाने तो समजू शकेल. प्रत्येक फेरफार आधीच्या नोंदीवर आधारलेला असतो. अशा नोंदवहीची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली आहे, अशी कल्पना करावी. एका प्रतीत कोणी खाडाखोड केली, तर ती इतर प्रतींशी जुळत नाही आणि फेटाळली जाते. तंत्र म्हणून ही रचना निश्चितच कौतुकास्पद आहे. परंतु फेरफार चुकला तर वरिष्ठांकडे अपील करता येते. येथे अपील ऐकणारा कोणीही नाही. आपल्या चलनाची गुप्त किल्ली, म्हणजे सांकेतिक अक्षरमाला, हरवली तर ते चलन कायमचे गेले. चुकीच्या खात्यावर पाठविलेली रक्कम परत मिळवून देणारा अधिकारीही नाही.

किंमत कशावर ठरते?

जमिनीमागे पीक असते, शेअरमागे कारखान्याचा नफा असतो, ठेवीमागे व्याज असते. बिटकॉइनला असे कोणतेही उत्पन्न नाही. पुढील ग्राहक अधिक दाम देईल, या अपेक्षेवरच त्याचा भाव चढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९ हजार डॉलर होता. वर्षभरातच तो १६ हजारांच्या खाली घसरला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, हेही खरे. मात्र ज्याला मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी घसरणीच्याच वेळी पैसे लागले, त्याला पुढील चढ पाहण्यास मिळाला नाही.

सुरक्षिततेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. मे २०२२ मध्ये 'टेरा' व 'लुना' ही चलने काही दिवसांतच जवळजवळ कवडीमोल झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'एफटीएक्स' हा जगातील एक मोठा विनिमय मंच दिवाळखोरीत गेला. जुलै २०२४ मध्ये 'वझीरएक्स' या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची चलने चोरीस गेली. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. या मंचांवरील रकमेस ते नाही.

नवे नाव, जुनीच फसवणूक

महाराष्ट्रापुरता विचार करता 'गेनबिटकॉइन' प्रकरण बोधप्रद आहे. गुंतविलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देण्याचे आश्वासन या योजनेत होते. म्हणजे शंभराचे दीड वर्षात एकशे ऐंशी! नवे सभासद आणणाऱ्यास वेगळे कमिशन होते. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच एका दुय्यम चलनात देण्यात येऊ लागला आणि गुंतवणूकदारांचे डोळे उघडले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटकेची कारवाई केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. येथे नवीन होते ते केवळ चलनाचे नाव. नव्यांच्या पैशातून जुन्यांना देणे ही साखळी योजनांची रीत पूर्वापार चालत आलेली आहे.

कायद्याची स्थिती

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. १ एप्रिल २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के आयकर आहे आणि एकातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एका चलनात ५० हजारांचा नफा व दुसऱ्यात तितकाच तोटा झाला, तर हाती काहीच न उरता किमान १५ हजार रुपये कर भरावा लागतो. मार्च २०२३ पासून हे मंच आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आहेत. तथापि, कर आकारला म्हणजे चलनास मान्यता मिळाली, असा त्याचा अर्थ नाही.

डिजिटल रुपया ही मात्र पूर्णतः निराळी बाब आहे. सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो रिझर्व्ह बँकेनेच काढलेला रुपया असून शंभर डिजिटल रुपयांचे मूल्य शंभर रुपयेच राहते. 'सरकारनेही असे चलन काढले आहे' असे सांगून कोणी दुसरेच काही विकू लागल्यास हा भेद स्पष्ट करून द्यावा.

काय करावे?

ठरावीक परताव्याची हमी, सभासद आणण्याचा आग्रह आणि त्वरेने निर्णय घेण्याची घाई, या तीन खुणा एकत्र दिसल्या की सावध व्हावे. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून किंवा संस्थेच्या निधीतून अशी गुंतवणूक कदापि करू नये. गुप्त किल्ली व सांकेतिक क्रमांक कोणासही सांगू नयेत. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. बेकायदा ठेव योजनांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर करता येते. ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत या विषयास दहा मिनिटे दिली, तरी एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी वाचू शकेल.