औषधवाहक मायसेल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरील महत्त्वाचे औषध असले, तरी एक लिटर पाण्यात ते एक मिलिग्रॅमही विरघळत नाही. म्हणून टॅक्सॉल या त्याच्या मूळ इंजेक्शनात एरंडेलापासून केलेले क्रेमोफोर ईएल आणि अल्कोहोल घालावे लागले, आणि क्रेमोफोरने काहींना तीव्र अॅलर्जी होत असल्याने रुग्णाला आधी स्टिरॉइड देणे आवश्यक ठरले. यावरचा एक उपाय म्हणजे ब्लॉक कोपॉलिमर, म्हणजे एक खंड जलस्नेही आणि दुसरा जलविरोधी असलेली लांब रेणुसाखळी. पाण्यात अशा अनेक साखळ्या आपोआप एकत्र येऊन दहा ते शंभर नॅनोमीटर व्यासाचा गोल, अर्थात मायसेल, तयार होतो आणि त्याच्या जलविरोधी गाभ्यात औषध सामावते.

साबणाचे मायसेल पाणी वाढताच मोडतात, म्हणून हेही रक्तात लगेच विखुरतील, हा समज बरोबर नाही. मायसेल बनण्यासाठी लागणारी किमान संहती सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी लिटरला सुमारे सव्वादोन ग्रॅम असते, तर पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि पॉलिलॅक्टिक आम्ल यांच्या कोपॉलिमरसाठी ती काही मिलिग्रॅमच असते.

मात्र मायसेल टिकले म्हणजे औषधही आत राहिले, असे मानणे ही याच्या उलट टोकाची चूक आहे, कारण रक्तातील अल्ब्युमिनसारखी प्रथिने औषध ओढून घेतात. क्रेमोफोर स्वतःही रक्तात मायसेल बनवते आणि पॅक्लिटॅक्सेल धरून ठेवते. त्यामुळे रक्तात औषध अधिक काळ आढळले म्हणजे ते ऊतींपर्यंत अधिक पोहोचले, असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तुलनात्मक आकडे वाचताना ही बाब फार सहज निसटते.

सर्वांत खोल रुजलेला समज असा, की मायसेल गाठ हुडकून काढते. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू आत शिरून साचतात, हे जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी 1986 मध्ये मांडले. पण उंदरांतील झपाट्याने वाढणाऱ्या गाठींत ठळक दिसणारा हा परिणाम माणसांत गाठीगणिक बदलतो. दक्षिण कोरियात मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएम या पॅक्लिटॅक्सेलच्या मायसेल-औषधाचा खरा लाभ वेगळा आहे: त्यात क्रेमोफोर नाही, आणि पहिल्या मानवी चाचणीत त्याची सहन होणारी कमाल मात्रा शरीरपृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरला 390 मिलिग्रॅम आढळली, तर टॅक्सॉलची तीन आठवड्यांनी द्यायची नेहमीची मात्रा 175 असते. याउलट एनके105 या जपानी मायसेल-औषधाने स्तनाच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत चेताविकाराचा त्रास कमी केला, परंतु रोग रोखण्यात ते साध्या पॅक्लिटॅक्सेलपेक्षा कमी पडत नाही, एवढेही त्या चाचणीत सिद्ध झाले नाही.