निषिद्ध द्रव्यें आणि अमँडा फील्डिंग

एखादें द्रव्य बुद्धि भ्रष्ट करतें अशी ख्याति झाली, म्हणजे त्याचा अभ्यास करणाराही संशयास पात्र होतो. इंग्लंडमधील अमँडा फील्डिंग (१९४३-२०२५) या बाईंच्या वांट्यास हेंच आलें.

स्विस रसायनज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनीं १९३८ मध्यें एल्.एस्.डी. तयार केलें, त्याचा मनावरील विलक्षण परिणाम त्यांना १९४३ मध्यें प्रत्ययास आला. पुढें मनोरुग्णांवर त्याचे प्रयोग झाले. परंतु तें तरुणांच्या चैनीची वस्तु बनलें, आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें त्यास कडक बंधनांत घातलें. त्या बंधनांत संशोधनही गुदमरलें.

बाईंपाशीं वैद्यकाची पदवी नव्हती. शिवाय १९७० मध्यें त्यांनीं स्वतःच्या कवटीस भोंक पाडून घेतलेलें! शास्त्रज्ञांनीं त्यांच्यावर विश्वास कां ठेवावा? उत्तर त्यांनीं मोजमापानें दिलें. १९९८ मध्यें त्यांनीं संस्था स्थापिली. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजच्या सहकार्यानें, एल्.एस्.डी.च्या अमलाखालील मेंदूचीं चित्रें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालीं. त्याच वर्षीं, इतर औषधांस न जुमानणाऱ्या विषण्णतेच्या १२ रोग्यांना अळंब्यांतील सायलोसायबिन दिल्याचा वृत्तांत आला: आठवड्यानें ८ जण रोगमुक्त दिसले, तीन महिन्यांनीं ५. तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. म्हणून हा आरंभच समजावा.

श्रोतेहो, हीं द्रव्यें निरुपद्रवी आहेत असें कोणीं समजूं नये. पण बचनागासारखें विषही शुद्ध करून, मात्रेनें देण्याची रीत आपल्या वैद्यांस ठाऊक आहे. ती मात्रा ठरविण्यास परीक्षा लागते. आणि कायद्यानें परीक्षेचीच वाट अडवूं नये, एवढ्यासाठीं या बाई झगडल्या.