तळहातावर फिरणारे ते चिनी गोळे: खरंच हाताची ताकद वाढते का?

रील्स बघताना तो व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. तळहातावर दोन चकचकीत धातूचे गोळे. बोटं जरा जरा हलतात आणि गोळे एकमेकांभोवती फिरत राहतात. मधूनच किणकिण आवाज येतो. कॅप्शनमध्ये मोठमोठे दावे असतात: रोज 5 मिनिटं फिरवा, पकड मजबूत, बीपी कंट्रोलमध्ये, हाताचा बधिरपणा गायब! आणि त्याखाली खरेदीची लिंक.

ही लिंक पुण्या-मुंबईत उघडते तशी चिंचपाड्यातही उघडते. चिंचपाडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये म्हणून फेमस असलेलं नवापूर इथून जवळच. या पट्ट्यात माणसाचं पोट हातावर असतं, तेही अगदी शब्दशः. भाताची लावणी, ज्वारीची भाकरी थापणं, हंगामात गुजरातेत जाऊन ऊसतोड. कोयता धरणारी मूठ सैल पडली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे हातात ताकद आणणारी वस्तू घरपोच मिळतेय म्हटल्यावर कुणीही दोन मिनिटं थांबून बघणारच.

म्हणून आधी हे गोळे काय आहेत ते बघू आणि मग ते काय करू शकत नाहीत ते.

गोळे आले कुठून?

चीनच्या हबेई प्रांतात, बीजिंगच्या नैऋत्येला बाओडिंग नावाचं शहर आहे. तिथले लोखंडी गोळे प्रसिद्ध आहेत, इतके की शहराच्या 'तीन खजिन्यां'त त्यांची गणना होते. बाकीचे दोन खजिने खायचे आहेत: एक पिठापासून बनवलेली घट्ट चटणी आणि दुसरं पालेभाजीचं लोणचं. गोळ्यांची परंपरा मिंग राजवटीपासूनची, म्हणजे 1368 ते 1644 या काळातली सांगतात. चिनी म्हातारे लोक याच पद्धतीने अक्रोडही फिरवतात. वर्षानुवर्षं हातात घोळून ते अक्रोड तांबूस आणि गुळगुळीत होतात.

आवाज येतो कारण गोळा आतून पोकळ असतो आणि आत आवाज करणारी धातूची पट्टी बसवलेली असते. जोडीतल्या एका गोळ्याचा सूर उंच ठेवतात, दुसऱ्याचा खालचा. काही गोळे मात्र भरीव असतात. ते मुके आणि जड.

हातात नेमकं काय होतं?

बोटांमध्ये बोट हलवणारा एकही स्नायू नसतो, हे अनेकांना माहीत नसतं. बोटं हलतात ती दोरीने ओढलेल्या बाहुलीसारखी. मूठ आवळणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या बोटांपर्यंत जातात. पंजाच्या आत सुमारे 20 छोटे स्नायू असतात. बोटं फाकवणं, जवळ आणणं, अंगठा करंगळीकडे नेणं अशी बारीक कामं त्यांच्याकडे असतात. सुईत दोरा ओवताना, शर्टाचं बटण लावताना तेच राबतात.

गोळे फिरवताना मुख्य काम या छोट्या स्नायूंचं. एक बोट ढकलतं, दुसरं वाट देतं, अंगठा गोळ्याला परत आत लोटतो आणि हे सगळं न बघता चालतं. त्यामुळे रोज सराव केला तर बोटांचा ताळमेळ सुधारतो, त्यांची हालचाल मोकळी होते. इथपर्यंत रीलवाले बरोबर आहेत.

हे काम किती अवघड आहे ते रोबोटवाल्यांना विचारावं. 2019 मध्ये गुगलच्या संशोधकांनी 24 सांधे असलेल्या रोबोटच्या हाताला हेच दोन गोळे फिरवायला शिकवलं. त्यासाठी त्याला प्रत्यक्ष सरावाचे सुमारे 4 तास लागले आणि ती मोठी प्रगती मानली गेली. 2022 मध्ये 39 स्नायूंच्या कॉम्प्युटरमधल्या मानवी हाताकडून गोळे फिरवून घ्यायची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच झाली.

मग ताकद?

ताकद वाढवायची असेल तर स्नायूवर हळूहळू जास्त भार टाकावा लागतो. गोळ्यांचं वजन रोज तेवढंच राहतं आणि ते आवळावेही लागत नाहीत, नुसते तोलायचे असतात. म्हणून कोयता, बादली, नांगराची मूठ धरायला जी पकड लागते ती यातून फारशी वाढत नाही. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळणं, घट्ट पीठ मळणं, पाण्याने भरलेली बादली धरून चालणं हे त्यासाठी जास्त कामाचं आहे. खरं सांगायचं तर चिंचपाड्यातल्या बहुतेक बायकांचा हा व्यायाम सकाळी सातच्या आत उरकलेला असतो.

'पकड मजबूत तर आयुष्य जास्त' हा दावा मात्र हवेतला नाही. 2015 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा अभ्यास आला होता. त्यात भारतीयही होते. हाताची पकड 5 किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त दिसला. पण पकड हे इथे थर्मामीटर आहे. शरीर एकूण किती धडधाकट आहे ते पकडीवरून कळतं. नुसता पंजा पिळदार केला म्हणून हृदय सुधारत नाही. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरतो का?

सागरगोटे विसरलात का?

लिंकवर क्लिक करायच्या आधी आजीला विचारून बघा. एक सागरगोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे बाकीचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. गजग्याच्या करड्या, गुळगुळीत बियांचा हा खेळ पिढ्यानपिढ्या मुली खेळत आल्या आहेत. बोटांची चपळाई, नजर आणि अंदाज, तिन्ही एकदम. कुणी त्याला थेरपी म्हटलं नाही, एवढंच.

गोळे फिरवण्याचाच सराव हवा असेल तर दोन लिंबं, दोन अक्रोड किंवा रंगावली नदीच्या पात्रातले दोन गोल, गुळगुळीत गोटे चालतात. मुठीत दोन्ही आरामात मावले पाहिजेत. बसून करा आणि हाताखाली उशी किंवा गोधडी ठेवा, कारण गोळा सुटतोच आणि पायाच्या अंगठ्यावरच पडतो. आधी घड्याळाच्या दिशेने, मग उलट. सुरुवातीला दोन्ही एकमेकांना घासत फिरतील, हरकत नाही. ते न चिकटता फिरायला लागले की जमलं. 5 मिनिटं पुरेत. दुखलं की थांबायचं. सांधे सुजलेले असतील, बोट अडकून 'टक्' करून उघडत असेल किंवा नुकतंच प्लास्टर निघालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सिकलसेल असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नंदुरबारच्या आदिवासी भागात या आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि गारठ्याने त्यांच्या वेदना वाढू शकतात. डिसेंबरच्या पहाटे गार लोखंड हातात धरणं त्यांच्यासाठी बरं नाही.

अर्धांगवायूनंतर हाताची मूठ आवळून बसली असेल तर तिथे आणखी आवळण्याचा व्यायाम अनेकदा उलटा पडतो. अशा हाताला आधी उघडायला शिकवावं लागतं आणि ते फिजिओथेरपिस्टने बघून ठरवायचं.

हात कमजोर का झाला, हा खरा प्रश्न

रीलमधला सगळ्यात घातक दावा बधिरपणाचा आहे. हाताला मुंग्या येणं किंवा बधिरता हा स्नायूंचा आळस नसतो. ती बहुतेक वेळा नसेची तक्रार असते. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते. मानेचं दुखणं असू शकतं, मधुमेह असू शकतो.

आणि नंदुरबारमध्ये आणखी एक शक्यता असते. राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण जास्त सापडणाऱ्या जिल्ह्यांत नंदुरबारचं नाव येतं. हा आजार नसांवर हल्ला करतो. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वाकतं, कारण पंजातले तेच छोटे स्नायू सुकतात ज्यांच्या जोरावर गोळे फिरतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकात अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूची दोरी वळवून ती लुळ्या बोटाला जोडायची. रुग्णांची बोटं झिजतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे, हेही त्यांनी दाखवून दिलं. चुलीवरचा तवा भाजतोय हे हाताला समजतच नाही.

तो टप्पा येऊ द्यायची गरज नसते. कुष्ठरोगावरचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि कोर्स 6 किंवा 12 महिन्यांचा असतो. हातातली कमजोरी नवी असेल आणि 6 महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर ताकद परत येण्याची शक्यता बरीच असते. म्हणजे ते 6 महिने गोळे फिरवण्यात घालवले तर नुकसान गोळ्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

आरोग्य कर्मचारी करतात ती तपासणी घरी करून बघता येते. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. करंगळी बाकीच्या बोटांपासून लांब न्या आणि दुसऱ्याला ती आत ढकलायला सांगा. मग अंगठा छताकडे उभा करा आणि तो खाली दाबायला सांगा. शेवटी हात पालथा करा, मूठ वळून मनगट वर उचला आणि ते खाली दाबायला सांगा. तिन्ही वेळा तुम्हाला जोर धरता आला पाहिजे. मग डोळे मिटा आणि पेनाचं टोक तळहाताला आणि बोटांना हलकेच कुठे लागतंय ते ओळखा. जोर कमी पडला, स्पर्श चुकला किंवा अंगावर न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा दिसला तर गावातल्या आशाताईला सांगा किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.