पर्णरंध्राची दिवसपाळी

बाकल्याच्या पानाची खालची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की जोडीजोडीने बसलेल्या रक्षक पेशी दिसतात. जोडीच्या मधली फट म्हणजे पर्णरंध्र. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्याचा दिनक्रम साधारण असा असतो.

पहाटे 5 : रंध्र मिटलेले. रक्षक पेशींत पोटॅशियम बेताचेच.

सकाळी 6 : उजाडते. उन्हातला निळा प्रकाश फोटोट्रोपिन हे प्रथिन टिपते आणि पेशीपटलातले पंप सुरू होतात. ते हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, त्यामुळे आतली बाजू जास्त ऋणभारित होते. धनभारित पोटॅशियम मग आपल्या खास वाहिन्यांतून आत ओढले जाते.

सकाळी 7 : हा धनभार तोलायला क्लोराइड बाहेरून येते, मॅलेट पेशीतच तयार होते. आयन रिक्तिकेत साठतात आणि त्यांच्यामागे पाणी शिरते. भित्तिकेतले सेल्युलोजचे धागे पेशीला आडवे वेढून असतात. त्यामुळे फुगणारी पेशी रुंद होत नाही. लांबते, बाहेर वाकते आणि फट उघडते.

सकाळी 10 : कार्बन डायऑक्साइड आत, बाष्प बाहेर. वायूच्या एका रेणूपायी पाण्याचे काहीशे रेणू खर्ची पडतात.

दुपारी 1 : रंध्र उघडेच, पण पोटॅशियम ओसरू लागलेले! टॅलबट आणि झायगर यांनी 1996 मध्ये बाकल्यावरच दाखवून दिले, की दुपारी त्याची जागा साखर, म्हणजे सुक्रोज, घेते. मात्र जमिनीत ओल नसेल, तर ॲब्सिसिक आम्ल वाढते. त्याच्या इशाऱ्याने आधी ऋण आयन आणि मग पोटॅशियम बाहेर पडते, पाणीही जाते आणि भर दुपारी रंध्र मिटते.

संध्याकाळी 6 : सुक्रोज घटते, पेशी सैलावतात, फट बंद होते.

रात्री 10 : बाकल्याला सुट्टी. घायपात आणि अननस यांची रंध्रे मात्र याच वेळी उघडी असतात. दिवसा पाणी वाचवायचे, तर वायू रात्रीच घ्यावा लागतो.

रंध्राची ही पाळी चालवणारे पोटॅशियम पिकाच्या इतर अन्नद्रव्यांहून वेगळे. नत्र प्रथिनांत बांधले जाते, स्फुरद डीएनएत. पोटॅशियम कशातच बांधले जात नाही, मोकळे आयन म्हणूनच फिरते. ते कमी पडले की रंध्रांची उघडझाप मंदावते, जुन्या पानांच्या कडा करपतात आणि पीक पाण्याचा ताण सोसत नाही. म्हणून माती परीक्षणाच्या अहवालात नत्र-स्फुरदाबरोबर पालाशाचा, म्हणजे पोटॅशियमचा, आकडाही वाचा आणि त्यानुसारच मात्रा द्या.