रक्ताच्या कर्करोगावर रक्तातल्याच पेशींची फौज



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खताचे हप्ते नि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे. ऊस-नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना तीन-चार ठिकाणी एकच प्रश्न आला, "साहेब, मुंबईत म्हणे कॅन्सरवर नवीन औषध निघालंय. रक्त काढायचं, काहीतरी करून परत भरायचं, की माणूस बरा. खरं आहे का?" एके ठिकाणी तर घरच्यांनी त्यासाठी दीड एकराला गिऱ्हाईकही बघून ठेवले होते. दुखणे होते तोंडाच्या कर्करोगाचे. त्या दुखण्यावर हे औषध नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाले. पण कीड आणि किडीला खाणारा मित्रकीटक यांचा हिशेब आम्हाला कळतो, आणि हे प्रकरण बरेचसे त्याच जातीचे आहे.

लोकरी मावा आठवतो ना? २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात तो दिसला आणि बघता बघता उसाची पाने पांढरी पडली. फवारे मारून लोक दमले. शेवटी आटोक्यात आणला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. ते वाढवून फडात सोडले आणि फवारणी थांबवा म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडलो. रासायनिक औषध मारले की त्याचा जोर रोज कमी होत जातो. मित्रकीटकाचे उलटे असते. खायला कीड आहे तोवर तो वाढतो. शास्त्रज्ञ ज्याला 'जिवंत औषध' म्हणतात, त्यातली मुख्य गोष्ट हीच.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका जातीला टी-पेशी म्हणतात. या शरीराच्या राखणदार. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की तिच्या अंगावर त्याची खूण उमटते. टी-पेशी ती खूण ओळखते आणि त्या पेशीला मारते. मग कर्करोगाला का मारत नाही? कारण तो बाहेरून आलेला नसतो. आपलीच पेशी बिघडून बेसुमार वाढू लागलेली असते, आणि घरच्या माणसाला राखणदार हटकत नाही. उसाच्या सरीत उसासारखेच दिसणारे गवत माजावे आणि खुरपणाऱ्या बाईने ते ऊस समजून सोडून द्यावे, तसा हा प्रकार.

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली ती अशी, की राखणदारालाच नवे डोळे बसवायचे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे झेलिग एशहर यांनी १९८९ च्या सुमारास टी-पेशीवर बाहेरची, आपल्याला हवी ती खूण ओळखणारा भाग बसवून दाखवला. आज या पेशींना 'कार-टी' पेशी म्हणतात. मोटारकारशी त्याचा संबंध नाही, ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे.

करतात कसे, ते सांगतो. रुग्णाचे रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात, बाकीचे रक्त तिथल्या तिथे परत जाते. प्रयोगशाळेत त्यातील टी-पेशी वेगळ्या काढून त्यांत एक नवे जनुक घालतात. ते आत पोचवायला वाहन म्हणून वापरतात विषाणू, मात्र रोग करण्याची ताकद काढून घेतलेला. जनुक बसले की पेशीच्या अंगावर नवा डोळा उगवतो. मग साधारण आठवडा-दोन आठवडे त्या पेशी वाढवतात, तपासतात आणि गोठवून ठेवतात. इकडे रुग्णाला दोन-तीन दिवस केमोथेरपी देऊन नव्या पेशींसाठी जागा करतात. लागणीआधी रान मोकळे करावे तसे. त्यानंतर सलाईनसारखी एक बाटली, आणि पेशी अंगात. खरा कस लागतो तो त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी. रक्ताचा कर्करोग दोनदा उलटलेला, नेहमीचे उपाय संपलेले. एप्रिल २०१२ मध्ये तिला या पेशी दिल्या. लहान मुलांतली ती पहिलीच. पेशी कामाला लागल्या आणि ताप असा भडकला की पोरगी कृत्रिम श्वासावर गेली. लढणाऱ्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांचा पूरच आला होता. तपासणीत त्यातले एक रसायन प्रमाणाबाहेर वाढलेले निघाले. हे उपचार उभे करणारे डॉ. कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता आणि नेमके तेच रसायन अडवणारे संधिवाताचे एक औषध त्यांना त्यामुळे माहीत होते. ते दिले आणि काही तासांत ताप उतरू लागला. एमिली वाचली, पुढे कॉलेजात गेली. त्याच फिलाडेल्फियात २०१० साली हे उपचार घेतलेल्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही या पेशी पहारा देत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षे टिकणारा फवारा आमच्या तरी पाहण्यात नाही!

अमेरिकेने या औषधाला २०१७ साली परवानगी दिली. किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने तीन कोटी रुपये. आपल्याकडे हे येणार तरी कसे? तर पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर देशी पेशी तयार केली. जून २०२१ मध्ये टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण खात्याने परवानगी दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला तिचे लोकार्पण झाले. नाव 'नेक्स-कार-१९'. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या निकालात, ज्यांचा परिणाम मोजता आला अशा रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. हे सगळे इतर उपाय हरलेले रुग्ण होते, ते ध्यानात घेतले तर आकडा लहान नाही. पण शंभरातल्या पंचवीस-सत्तावीस जणांना गुण आला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ज्यांना आला त्यांच्यातही काहींचा रोग पुन्हा उलटतो, कारण कर्करोगाची पेशी कधीकधी ती खूणच अंगावरून टाकून देते.

खर्च परदेशाच्या मानाने दहाव्या हिश्शाच्या आसपास, असे सांगितले जाते. तरीही तो लाखांत, तीस-चाळीस लाखांच्या घरात आहे. एवढे पैसे उसाच्या बिलातून निघत नाहीत, जमीनच निघते. म्हणून पुढचा मजकूर जरा सावकाश वाचावा.

नेक्स-कार-१९ ओळखते ती खूण 'सीडी-१९'. ही खूण फक्त बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर असते. तेव्हा औषध चालते ते बी-पेशींपासून झालेल्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांवर, आणि तेही आधीचे उपचार निष्फळ ठरल्यावर किंवा रोग उलटल्यावर. तोंड, स्तन, गर्भाशयाचे तोंड, अन्ननलिका, म्हणजे आपल्या गावांत जे कर्करोग जास्त दिसतात, त्यांच्यावर ते चालत नाही. अशा गाठीवरची खूण बहुधा थोड्याफार प्रमाणात चांगल्या अवयवांवरही असते, त्यामुळे राखणदार घरच्यांनाच मारील. शिवाय गाठ स्वतःभोवती असे वातावरण करते की टी-पेशी आत जाऊन थकतात. संशोधन जोरात चालू आहे, पण त्याच्या भरवशावर तोंडाच्या गाठीचे ऑपरेशन लांबवणे म्हणजे रोगाला मुदत देणे.

धोकेही आहेत. ताप आणि रक्तदाब घसरणे हे वर आलेच. काहींना भ्रम होतो, बोलणे अडखळते. कर्करोगाबरोबर चांगल्या बी-पेशीही मरतात, म्हणून पुढे कित्येक महिने जंतुसंसर्गाची भीती राहते. क्वचित या बदललेल्या टी-पेशींचाच कर्करोग होऊ शकतो, अशी सूचना औषधांवर छापण्यास अमेरिकी सरकारने २०२४ मध्ये भाग पाडले.

बी-पेशी मरतात, या तोट्याचाच जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या डॉक्टरांनी फायदा करून घेतला. ल्यूपस नावाचे दुखणे आहे, बायकांत जास्त. त्यात बिघडलेल्या बी-पेशींमुळे शरीर आपल्याच मूत्रपिंडांवर नि सांध्यांवर उठते. डॉ. गेऑर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली अशा एका विशीतल्या मुलीला याच पेशी दिल्याचे जाहीर केले. जुन्या बी-पेशी साफ झाल्या, काही महिन्यांनी नव्या उगवल्या, आणि त्या निरोगी निघाल्या. रोगट खोडवा काढून शुद्ध बेण्याची नवी लागण करावी, अगदी तसे. २०२४ मध्ये त्यांनी ल्यूपस आणि तत्सम रोगांच्या १५ रुग्णांचा अहवाल दिला; पंधराही जणांच्या रोग दाबणाऱ्या गोळ्या सुटल्या होत्या. संख्या लहान आहे, चाचण्या चालू आहेत. पण आम्हाला या सगळ्यात जास्त नवल वाटले ते याचेच.

विषाणूंच्या बाबतीत गाडी हळू आहे. एड्सच्या ४३ रुग्णांना पूर्वी अशा पेशी दिल्या होत्या. त्या अकरा वर्षांपर्यंत अंगात टिकल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, रोग मात्र हटला नाही. अवयव किंवा अस्थिमज्जा बदलल्यावर एक विषाणू उचल खातो आणि त्यातून गाठी होतात. तिथे दात्याच्या, त्या विषाणूवर तयार केलेल्या टी-पेशी उपयोगी पडतात. युरोपात अशा औषधाला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यात मात्र जनुक बदललेले नसते, नुसती तालीम दिलेली असते.

कोणाच्या घरी रक्ताच्या कर्करोगाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. कर्करोग बी-पेशींचा आहे का, सीडी-१९ ची तपासणी झाली का, आधीचे कोणते उपचार अजून शिल्लक आहेत, आणि पेशींच्या किमतीशिवाय दवाखान्यात राहण्याचा, अतिदक्षता विभागाचा खर्च किती धरायचा. तपासणीचे सगळे कागद आणि बायॉप्सीच्या काचा बरोबर न्याव्यात, काचा विसरल्या तर दुसरी फेरी पडते. जमिनीच्या इसाराचे पैसे या चार प्रश्नांची उत्तरे हातात आल्याशिवाय घेऊ नयेत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग