सामाईक कुरण आणि परक्यांचें साहाय्य

मंगोलिया देशांतील वारांचीं जुनीं नांवें कानीं पडलीं तर संस्कृत जाणणाऱ्यास क्षणभर नवल वाटेल. सुमिया, अंगारग, बुद, बर्खसबदि, सुगर, सांचिर. हीं आपल्या सोम, अंगारक, बुध, बृहस्पति, शुक्र आणि शनैश्चर यांचींच रूपें, बौद्ध धर्माच्या सोबतीनें तेथें पोंचलेलीं. अशा ह्या दूरच्या, परंतु अगदींच परक्या नसलेल्या देशाच्या गवताची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

विस्तारानें हा देश भारताच्या जवळजवळ निम्मा. लोकवस्ती मात्र सुमारें ३५ लाख, आणि जनावरें २०१९ अखेर सुमारें सात कोटि! घोडा, उंट, गाय-याक, मेंढी व शेळी हें तेथील पंचविध पशुधन. लोकसंख्येचा मोठा भाग आजहि 'गेर' नांवाच्या नमद्याच्या गोल घरांत राहतो, आणि ऋतु पालटला कीं घर मोडून कळपासह दुसऱ्या कुरणाकडे जातो. हें भटकणें निरुद्देश नव्हे. एका कुरणास विसांवा मिळावा म्हणूनच दुसऱ्याकडे जावयाचें, हा त्यांतील हेतु.

१९९० पर्यंत हा देश सोव्हिएट रशियाच्या छायेंत होता. जनावरें बहुतांशीं सहकारी संघांचीं असत. कोणत्या कळपानें केव्हां कोठें जावयाचें हें संघ ठरवी, आणि विहिरींची देखभालहि तोच करी. रशियाचें साहाय्य थांबलें, संघ मोडले, आणि जनावरें घरोघर वांटलीं गेलीं. कारखाने बंद पडून बेकार झालेले पुष्कळ लोकहि पशुपालनाकडे वळले. जमीन मात्र वांटली गेली नाहीं. १९९२ च्या राज्यघटनेनें कुरणें खाजगी मालकीस दिलीं नाहींत, आणि तें योग्यच झालें; कारण जागोजाग कुंपणें पडलीं तर अवर्षणांत पशुपालानें जावें कोठें? परंतु त्यामुळें स्थिति अशी झाली कीं, एकत्र कुटुंबांत कोठार सामाईक राहावें, प्रत्येक भावाची थैली निराळी व्हावी, आणि कोठाराची किल्ली सांभाळणारें वडील माणूस मात्र उरूं नये. अशीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस पुढील गोष्ट सांगावयास नको.

त्यांतच शेळीचें मोल वाढलें. तिच्या केंसांखालील जी मऊ लव, जिला आपल्याकडे पश्मिना म्हणतात, ती जगाच्या बाजारांत रोकड पैसा देते. १९९० सालीं ५१ लाखांच्या आसपास असलेल्या शेळ्या २०१९ अखेर सुमारें २ कोटि ९० लाख झाल्या. शेळी गवत अगदीं बुडापर्यंत खाते. तथापि पशुपालास लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. मुलांचें शिक्षण, आजारपण आणि बँकेचें कर्ज हें सारें त्या लवेवरच भागतें. शिवाय १९४० पासून तेथील सरासरी उष्णमान दोन अंशांहून अधिक वाढलें आहे.

उन्हाळा कोरडा जाऊन जनावरांच्या अंगीं मेद धरला नाहीं आणि पाठोपाठ कडक हिवाळा आला, म्हणजे जी आपत्ति ओढवते तिला तेथें 'झूद' म्हणतात. बर्फाखालीं गवत असतें, पण तेथवर तोंड पोंचत नाहीं. २००९-१० च्या झूदांत सुमारें एक कोटि जनावरें दगावलीं. २०२३-२४ च्या हिवाळ्यांत ७० लाखांहून अधिक. कळप गेलेलें कुटुंब पुष्कळदां उलानबातर राजधानीच्या कडेस येऊन गेर उभारतें, आणि कोळशाच्या धुरांत नवा संसार मांडतें.

परदेशांनीं साहाय्याचा हात पुढें केला नाहीं असें नाहीं. 'ताखी' नांवाचा रानघोडा १९६९ नंतर मोकळ्या रानांत दिसेनासा झाला होता. युरोपांत राखलेल्या त्याच्या वंशांतील घोडे १९९२ सालीं विमानानें परत आणले, आणि हुस्ताईच्या टेकड्यांत आज ते शेंकड्यांनीं चरतात. परंतु घोडा विमानांतून आणतां येतो; गवत तसें आणतां येत नाहीं. तें तेथल्याच माणसांस राखावें लागतें.

हें ओळखून स्विस सरकारच्या विकाससंस्थेनें २००४ पासून 'हरित सुवर्ण' नांवाचें कार्य चालविलें. एका भागांत चरणाऱ्या कुटुंबांचे गट बनवावे, कोणतें कुरण केव्हां मोकळें ठेवावयाचें तें त्यांनींच ठरवावें आणि स्थानिक शासनाशीं तसा लेखी करार करावा, अशी ती रीत. गवताची स्थिति नियमानें तपासण्याची पद्धतिहि ह्या कार्यामुळें तेथील हवामानखात्यांत रुजली. २००६ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानें पशुविमा सुरू झाला. त्यांतील खुबी अशी कीं, तालुक्यांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा सहाच्या वर गेलें म्हणजे भरपाई मिळते, मग विमा घेणाऱ्याचीं स्वतःचीं जनावरें जगोत वा मरोत. अर्थात् जो काळजी घेतो त्याचा तोटा होत नाहीं.

उलटपक्षीं, एखादी विहीर खोदून दिली आणि तिच्या वापराचा नियम ठरला नाहीं, तर तिच्याभोंवतीं बाराहि महिने कळप जमतात व भोंवतालची जमीन उघडी पडते. दान देश, काल व पात्र पाहून द्यावें असें आपलें शास्त्र सांगतें. त्यांतील 'काल' आम्हांस येथें विशेष महत्त्वाचा वाटतो. दात्याची योजना चारपांच वर्षांची असते, कुरणाचा हिशेब पिढ्यांचा असतो.

निसर्ग राखण्याची बुद्धि मंगोल लोकांस परक्यांनीं दिली असें मात्र कोणीं समजूं नये. राजधानीलगतचा बोग्दखान पर्वत १७७८ सालींच संरक्षित झाला. अमेरिकेंतील यलोस्टोनचें राष्ट्रीय उद्यान १८७२ चें. २०२० सालीं तेथील संसदेनें पशुसंख्येवर कर बसविणारा कायदा केला. कराचा दर स्थानिक सभेनें ठरवावा आणि उत्पन्न कुरणें व पाणी ह्यांकडे लावावें, असा त्याचा रोख आहे. मंगोलियाच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२२ सालीं २०२६ हें वर्ष कुरणांचें व पशुपालांचें म्हणून जाहीर केलें.

आमच्या मतें खरा आशेचा किरण येथें आहे. परक्यांनीं कोठार भरून द्यावें हें फार काळ चालावयाचें नाहीं. किल्ली कोणी सांभाळावयाची हें घरानें एकत्र बसून ठरवावें, आणि तें ठरेपर्यंत आधार देणाऱ्यानें धीर धरावा; साहाय्याचें सार्थक झालें तर तें अशानेंच होईल.