निर्दयपणाचे किती प्रकार!

दया नसणे ही गोष्ट एकच, पण इंग्रजीने तिच्यासाठी क्रियाविशेषणांचे अख्खे दुकान मांडून ठेवले आहे. रूथलेसली, मर्सिलेसली, हार्टलेसली, कॅलसली, क्रुएली, ब्रूटली, कोल्ड-ब्लडेडली! आपली मुले शब्दकोश उघडतात, तर बहुतेक ठिकाणी 'निर्दयपणे' हाच अर्थ सापडतो. मग निबंधात हाताला लागेल तो शब्द ठोकून दिला जातो. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दया का नव्हती, याचे उत्तर प्रत्येक शब्द वेगळे देतो.

दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना हे शब्द समजावणे तसे सोपे जाते. मराठी-संस्कृतात नकार पुढे येतो, म्हणजे निर्दय, निष्करुण. कन्नडमध्ये तो मागे लागतो, 'करुणे इल्लदे'. इंग्रजीतले 'लेस' कन्नडप्रमाणेच मागून येते आणि त्याला 'ली' जोडले की क्रियाविशेषण तयार. कन्नडमध्ये हेच काम 'आगि' करते, म्हणून 'निर्दयवागि'. आपण 'पणे' लावतो.

आता 'रूथलेसली' पाहा. जुन्या इंग्रजीत 'रूथ' म्हणजे कणव. (मुलींचे रूथ हे नाव हिब्रूतून आलेले आहे, त्याचा इथे संबंध नाही.) पुढे कणव या अर्थाचा 'रूथ' वापरातून जवळजवळ गेला, 'रूथलेस' मात्र राहिला. आपल्याकडेही अगदी असेच घडले आहे. संस्कृतात 'घृणा' या शब्दाचा एक अर्थ दया असाही आहे. म्हणून 'निर्घृण' म्हणजे दयाहीन. आज मराठीत घृणा म्हणजे किळस, तिटकारा. जुनी दया उरली आहे ती फक्त 'निर्घृण खून' अशा बातमीत.

'मर्सी' ही दया थोडी निराळी. समोरचा माणूस आपल्या हातात सापडला असताना त्याला सोडून देणे किंवा त्याची शिक्षा कमी करणे म्हणजे मर्सी. राज्यघटनेच्या ७२व्या कलमाखाली राष्ट्रपतींकडे फाशीच्या कैद्याचा जो अर्ज जातो तो 'मर्सी पिटिशन', आपल्या भाषेत दयेचा अर्ज. तेव्हा शरण आलेल्यालाही सोडले नाही, तर ते 'मर्सिलेसली'. राग नाही, घाई नाही, शांत डोक्याने ठरवून केलेले दुष्कृत्य असेल तर 'कोल्ड-ब्लडेडली'. 'क्रुएली' तर आपल्या नात्यातलाच शब्द. क्रुएल आणि क्रूर या दोघांचे मूळ एकच, कच्चे मांस आणि रक्त या अर्थाचे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'कॅलसली'. लॅटिनमध्ये याचे मूळ कडक झालेल्या कातडीत आहे. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, मग तिथे टोचलेले कळत नाही. मनाचेही तसेच होते. मराठीत आपण 'मन निबर झालंय' म्हणतो. कन्नड वर्तमानपत्रे सुस्त कारभाराला 'जड्डुगट्टिद' म्हणतात, म्हणजे घट्टे पडलेला. तिन्ही भाषांनी एकच उपमा शोधली आहे!

हा फरक कागदावर किती कामाचा आहे, ते आमच्या गल्लीतल्या आजींच्या अर्जात दिसले. त्यांची पेन्शन अडली होती. अर्ज इंग्रजीत हवा होता. सीमाभागात मराठी की कन्नड हा वाद टाळायला अनेकजण इंग्रजीचा आडोसा घेतात. आजी म्हणाल्या, "सर, जरा कडक लिवा की ओ. क्रूरपणानं वागिवलं म्हणून लिवा."

मी विचारले, "तुम्हाला त्रास द्यायचाच म्हणून दिला का त्यांनी?"

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई बा. मान वर करून बघितलंच न्हाई कुणी."

हेच ते 'कॅलसली'. 'क्रुएली' लिहिले असते तर हेतूचा आरोप झाला असता, आणि "आमचा तसा हेतू नव्हता" एवढ्या एका ओळीच्या उत्तरावर फाइल बंद करता आली असती. आम्ही 'कॅलसली' लिहिले आणि खाली चारही खेपांच्या तारखा दिल्या. कुणी मान वर करून पाहिले नाही, हे तारखांवरूनच दिसत होते. क्रियाविशेषणाला असा पुरावा लागतो. नुसत्या जोरदार शब्दाने अर्ज जोरदार होत नाही.

यातले काही शब्द कौतुकालाही जातात, हेही मुलांना सांगायला हवे. आपल्याच लेखाला 'रूथलेसली' कात्री लावणारा लेखक चांगला समजला जातो. 'ब्रूटली ऑनेस्ट' म्हणजे क्रूर माणूस नव्हे, तोंडावर खरे बोलणारा. मित्र मित्राची 'मर्सिलेसली' टर उडवतात आणि संध्याकाळी एकत्र चहा पितात. इंग्रजीत ऊनही 'मर्सिलेसली' तापते. त्याचे भाषांतर 'निर्दयपणे' करू नका. आपल्याकडे ऊन नुसते 'मी' म्हणते!

म्हणून मुलांनी असा शब्द वापरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. दया आटली होती, हातात असून नाकारली होती, की मनाला घट्टे पडले होते? उत्तर सापडले की शब्द आपोआप सापडतो.

जाता जाता एक गोष्ट. कन्नडमध्ये विनंती करताना आपण रोज 'दयविट्टु' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'दया ठेवून'. बसमध्ये, बाजारात, खिडकीपाशी दिवसातून कितीदा तरी आपण समोरच्याकडे दयाच मागत असतो. ती न मिळाल्याची तक्रार लिहिताना शब्द तरी नेमका हवा.